सहा दिवसांचं पाणी

तळघरातल्या स्टुडिओत त्या रात्री आम्ही चौघंच:
जनरेटरपाशी बसलेला हबीबुल,
माहिती खात्याचा सुलेमान, मी,
आणि ज्याच्या तसबिरीखाली मी बावीस वर्षं केबली गुंडाळल्या
तो.

तसबिरीतल्यापेक्षा बुटका निघाला.
एका चपलेचा अंगठा तुटलेला.
खुर्ची करकरत होती, माइकने पकडली असती,
मी सांगितलं तर ऐकून घेतलं
आणि उभाच राहिला.

रास अल-मिल्हवर तो चौथा दिवस.
बंदरातल्या टाक्या जळत होत्या.
खारं पाणी गोडं करणारा कारखाना दुपारीच गेला होता,
आणि सुलेमानने टाइप करून आणलेल्या कागदावर होतं:
पाण्याचा साठा पुरेसा आहे.

मला अरबी वाचता येते.
बाणकोटला नमाजीपुरती शिकलो,
पगाराच्या चिठ्ठ्यांनी पक्की केली.

त्याने 'पुरेसा'वर बोट ठेवलं.
किती?
लोक घाबरतील, सुलेमान म्हणाला.
किती?
सहा दिवस, हुजूर. जपून वापरलं तर.

मग माझ्याकडे पेन मागितलं,
केबलींवर नंबर टाकायचं, जाड शाईचं.
'पुरेसा' खोडला. सहा लिहिले.
त्या खाली आणखी दोन ओळी, स्वतःच्या हाताने:
कारखान्याभोवतीची भिंत दोन वर्षं मी पुढे ढकलली.
ते माझ्या नावावर मांडा.

आवाज तपासायला काहीही बोला, मी म्हटलं,
एक दोन तीन चालेल.
त्याने खिशातून दुसरा कागद काढला.
कारखान्यात दुपारपाळीला गेलेली अकरा माणसं.
नावं वाचू लागला, सुई हलू लागली,
सातव्याशी अडखळला.
हा तुमच्याकडचा ना?
दत्ताराम चोगले.

अरबीत च नाही.
आणि आमच्याकडे तर दोन, चहातला वेगळा, चोचीतला वेगळा.
शोगले, म्हणाला. सोगले.
मी म्हटलं, जीभ दातांशी आणा, हुजूर.
वर कुठेतरी धप्पकन काही कोसळलं, दिवा पिवळा पडला,
हबीबुल कलमा पुटपुटला,
आणि देशाचा धनी
माझ्या ओठांकडे बघत
चोगले म्हणायला शिकत होता.
चौथ्या खेपेला जमलं.
जमलं म्हणजे, आईने ओ दिली असती इतपत.

माझे वडील तांडेल होते.
वादळातून होडी आली की आधी माणसं मोजायचे, मग जाळी.
जाळ्यांचं विचारणाऱ्या व्यापाऱ्याला
एकदा त्यांनी धक्क्यावरून परत पाठवला होता.
एवढंच आठवलं. मोठं काही नाही.

तो भला होता, असं मी म्हणणार नाही.
आमच्या कॅम्पात एका खोलीत चौदा झोपायचो,
त्याच्या अर्जावर त्याच्याच कचेरीत धूळ बसली.
दत्ताराम त्याच खोलीतला. खिडकीखालची खाट.

भाषण सात मिनिटांचं.
जिंकू, असा शब्द एकदाही नव्हता.
नावांनंतर तो थांबला, फार वेळ थांबला,
सुई शून्यावर पडून राहिली,
सुलेमान काचेपलीकडून हाताने कात्री करून दाखवत होता.
मी बटणावरचा हात काढून मांडीखाली घेतला.
मग खोकला. मग पाण्याबद्दल:
माणशी चार लिटर. माझ्या घरीही चार.
जो इथे कामाला आला तोही माणशी.

सकाळी टँकरपाशी मारामाऱ्या झाल्या.
झाल्या, नाही कसं म्हणू?
एका बाईचा कॅन फुटला, एका पोराचं डोकं.
पण दहाच्या सुमाराला कुणीतरी चुन्याने रेघ मारली
आणि लोक रेघेवर उभे राहिले.
माझ्या पुढे एक न्यायाधीश होता, मागे गवंडी.
न्यायाधीशाला कॅन धरता येत नव्हता.

पाणी नऊ दिवस पुरलं.

माझं पेन त्याने खिशात घालून नेलं.
परत मागायचं कसं?
अजून मी केबलींवर नंबर
पेन्सिलीने टाकतो,
आणि ते घामाने पुसले जातात.