पेटी क्रमांक सतरा

बाबांनी आयुष्यभर लाकडाला कुजू दिलं नाही.
लिनशोपिंगच्या दक्षिणेला, चर्चमागच्या सुतारशाळेत
अठ्ठेचाळीस वर्षं सरस, टर्पेंटाइन, जवसाचं तेल,
आणि कुणाच्या कपाटाखाली चिमूटभर पीठ दिसलं
की गुडघ्यांवर बसून, भोकाला कान लावून,
आईला ऐकू जाणार नाहीत अशा शिव्या.

लोक म्हणत, यालमारनं जोडलेलं सुटत नाही.
त्याच्या पाळण्यात वाढलेल्यांची नातवंडं
अजून त्याच पाळण्यात रडतात.

मग जिल्हा कचेरीतून तूवा नावाची मुलगी आली,
बुटांना चिखल, काखेत नकाशा.
म्हणाली, साठ पेट्या हव्यात, ओकच्या फळ्यांच्या.
तेल नको, रंग नको, सरस तर नकोच.
पुढून मुठीएवढं भोक. झाकणातून पाऊस थोडा झिरपू दे.
"किती वर्षं टिकायला हव्यात?"
"टिकायच्या नाहीत, काका. कुजायच्यात. सावकाश."

त्या रात्री बाबांनी ताट अर्धं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना जहागिरीच्या जुन्या कुरणात नेलं.
तिथं चारशे वर्षांचे ओक, पोटातून पोकळ,
आणि ढोलीत कोपरापर्यंत हात बुडेल एवढा
मऊ, ओलसर चुरा,
बाबा ओठाखाली ठेवतात त्या तंबाखूच्या रंगाचा.
त्या चुऱ्यात एक भुंगेरा राहतो. काळसर, जाडजूड.
ज्या झाडात जन्मला त्यातच बहुधा मरतो,
उडालाच तर पलीकडच्या झाडापर्यंत.
नराच्या अंगाला पिकल्या जर्दाळूचा वास येतो.

आणि या म्हाताऱ्यांनंतर?
पुढचे ओक जेमतेम साठीचे,
टणक, निरोगी, इथं कुणाच्याच उपयोगाचे नाहीत.
मधल्या पिढ्या जहाजांत गेल्या, पिंपांत गेल्या,
आणि थोड्या, बाबा हळूच म्हणाले, माझ्या टेबलांत.

पेट्या भरायलाही तेच गेले.
ओकचा भुसा, वाळली पानं, गवत, ओटचं पीठ,
आणि प्रत्येकीत एक मेलेली कोंबडी,
कारण ढोलीत कधी घुबड मरतं, कधी खार,
आणि ते मरणही चुऱ्याला लागतं.
कोंबड्या पोल्ट्रीतून आल्या. एकोणसाठ.
सतरा नंबरमध्ये आमची होती. आईनं पाळलेली शेवटची,
आईमागे दोन हिवाळे एकही अंडं न देता जगलेली.
बाबांनी तिचे पाय नीट दुमडले.
आणि हात थांबेनात म्हणून
त्या एकाच पेटीच्या चारही कोपऱ्यांना डव्हटेल सांधा केला.
तूवानं बोट फिरवून पाहिलं. काही बोलली नाही.

पाचव्या वर्षी बाकीच्या फुगल्या, तडकल्या.
एकीत गांधीलमाश्या, एकीत घुबडाची पिल्लं,
बत्तीस आणि चाळीसमध्ये अळ्यासुद्धा.
सतरा तशीच. कोरडी. ताठ.
बाबा तिच्याखालून जाताना मान वर करत नसत,
आपल्या पोराचं नाव वर्गात उशिरा पुकारलं जावं तसे.

नवव्या वर्षी तळाची फळी निसटली.
सांधे शाबूत, फळीच सोडून गेली.
मी घाईनं खिळे काढले. शिडी टेकवली.
"राहू दे," खालून बाबा.
ते वाकले होते, एक्याऐंशी वर्षांची कंबर धरून,
आणि गवतावर सांडलेल्या चुऱ्यातून
जिऱ्याएवढे गडद दाणे वेचत होते.
अळीची विष्ठा. तूवानं ओळखायला शिकवली होती.
एक दाणा त्यांनी नखावर घेतला, उजेडात फिरवला.
"हात सफाईदार आहे," म्हणाले,
"घाई नाही केलेली."

घरी आल्यावर काडेपेटीतून त्यांनी दाणे टेबलावर ओतले.
हेच ते टेबल, ज्याच्या पायाशी असली भुकटी दिसली असती
तर गावभर बोभाटा झाला असता.
मी सवयीनं फडकं घेऊन आले.
"थांब," ते म्हणाले,
चष्मा शोधत,
"आधी मोजू दे."