खाल्ला कोण

चिचखेड्याच्या मंडईत, रात्री दीडच्या सुमाराला,
मी वाघ होऊन वनविभागाच्या हापिसात शिरलो.
शेपूट सुतळीचं, पट्टे काजळाचे,
टेबलामागे आमचा पेटीवाला, डोक्यावर साहेबाची टोपी.
"साहेब," मी म्हणालो, "परवा एक मानूस खाल्ला,
त्याच्यापाशी आधार कार्ड नोतं.
तवापासून पचूनच नाही राह्यला."

मागच्या तीन गावांत ह्या वाक्याला
माणसं चटईवरून घसरली होती.
एका म्हाताऱ्याची कवळी
समोरच्याच्या टोपीत पडली होती, खोटं नाही सांगत.
इथं नुसता जनरेटर ऐकू आला.

मला वाटलं, आवाज पोचला नाही.
म्हणून तेच पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.
ह्या धंद्यात याहून मोठी चूक नाही.

सरपंचानं माइक घेतला. "मयतावर हासू नये."
उत्तर माझ्या खिशातच असतं, तीस वर्षांपासून:
मयतावर कुठं हासलो जी?
साहेबावर हासलो, कागदावर हासलो.
खरंच होतं ते. आजही खरं आहे.

पण बारावीतला असेल, एक पोरगा,
स्टेजचा बांबू धरून उभा.
"तुह्या गमतीत वाघाले बोलता येते,
साहेबाले खुर्ची हाये.
खाल्ला कोन, थे सांग."

मी शेपूट हातात धरून राहिलो.
पेटीवाल्यानं टोपी काढली.
लावणी होती पुढं,
ती दहा मिनिटं आधीच आली.

सकाळी बयनाबाईनं चहाला बोलावणं धाडलं.
जावं की नाही, यावर गाडीत मतदान झालं.
मी एकटाच गेलो.
पडवीत मोह वेचायची टोपली पालथी,
चैतापासून तशीच.
वाकलेला माणूस वाघाला चार पायांचा दिसतो, म्हणतात.

"तुमचा वाघ लय मरतुकडा होता जी," ती म्हणाली.
मग म्हणाली,
"यायची चप्पल एकच भेटली.
फारेस्टवाला म्हने, बाई, दुसरी पाहा,
पंचनाम्यात जोडी लागते.
मी म्हनलं, साहेब, तुमीच इचारा वाघाले,
चार पाय त्याले,
एका चपलीचं का करते तो?"

आणि हसली.
पदर तोंडात धरून, खांदे हलेपर्यंत.
आतून सासू ओरडली, "बयने!"
माझ्या बशीतला चहा मांडीवर.
"हासा ना जी. राती तं लय हासवत होते."

मला येईना.

निघताना तरी विचारलंच, गमत्याला लाज नसते:
हे घेऊ का आमच्या खेळात?
ती कप विसळत होती.
"नाही. थे माह्यावालं हाये."

आता त्या प्रवेशात खाल्लेल्या माणसाला
मी माझंच नाव देतो.
डोमा मारोती निकोडे, वय बावन्न,
रेशन कार्ड केशरी.
हशा थोडा कमी पडतो.
एका गावात जास्त पडला,
तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

तिची गंमत स्टेजवर नेली नाही, सहा वर्षं.
इथं कागदावर सांगून बसलो;
वाटलं, कागदावर कोणाचं हसू ऐकू येत नाही.
तुम्ही हसला असाल तर
अडवणारा मी कोण,
आणि हसला नसाल
तर तिनं काय वाईट सांगितली होती?

चप्पल डाव्या पायाची होती की उजव्या,
तिनं सांगितलं होतं.
ते मी लिहीत नाही.