खांब

डिसेंबरातला शनिवार. सक्करदऱ्याच्या मैदानावर
धुकं अजून गोलपोस्टला लटकलेलं.
खो-खोचा एक खांब वाळवीनं आतून खाल्लेला.
हेडाऊ सरांनी नुसता हलवून पाहिला
तर मुळापासून हातात आला, दुधाच्या दातासारखा.

मी हजेरीपट घेऊन सावली शोधत होतो.
थंडीतही सावलीच. सवय.
अठ्ठावीस वर्षं मी क्रीडादिनाला गुण लिहितो,
माझ्या बुटांना या मातीची ओळख नाही.

तृप्ती निमजे आली, सातवी ब, शेवटून दुसरा बाक.
"सर, तुम्ही उभे राहा नं जी."
कुठे?
"खांबाच्या जागी. तुम्ही उंच आहा.
अन् तसंही वर्गात तुम्ही जागचे हलत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.
हजेरीपट पाण्याच्या टाकीवर ठेवला,
त्यावर दगड,
आणि खड्डा बुजवलेल्या ओल्या मातीवर जाऊन उभा राहिलो.
"हात अंगाले लावून ठेवा, सर. आम्ही धरू तुमाले."
मागून कुणीतरी ओरडलं, "झिरो माईल!"

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
रायपूर इथून किती, जबलपूर किती, हैदराबाद किती,
नकाशावर छडी टेकवून सांगत आलो जन्मभर.
माझ्यापासून कोण किती दूर बसतं
हे मोजायची वेळ आली नव्हती.

शिट्टी.

खांबाला सगळं सरळ दिसतं.
आठ जण ओळीत, एक तोंड कामठीकडे, एक उमरेडकडे,
टाचा उचललेल्या, बोटं मातीत रुतवलेली.
आणि मग हात येऊ लागले माझ्यावर.
एक चिकट, संत्र्याच्या सालीचा वास असलेला.
एक बर्फासारखा.
एकानं बाही धरली ती शिवणीतून उसवली,
"सॉरी सर" हे शब्द मागे ठेवून मालक केव्हाच पलीकडे.
रोशन उईके, जो उत्तर देताना
बाकाची कड सोडत नाही,
त्यानं माझा दंड पकडून स्वतःला असं भिरकावलं
की मला पहिल्यांदा माझं वजन कळलं,
ते कशाला उपयोगी पडतं तेही.

आचल गजभिये तिसऱ्या घरात. तिला कुणी खो देत नव्हतं.
दर वेळी पावलं जवळ आली की तिची पाठ ताठ व्हायची,
पावलं पुढे गेली की पुन्हा सैल.
हे मी वर्गात कधी पाहिलं नाही.
वर्गात ती मला समोरून दिसते.

शेवटचं मिनिट. चुकून की दया येऊन, ठाऊक नाही,
तृप्तीनं तिला खो दिला.
आचल उठली, धावली, फैजानच्या मागे,
फैजान मासोळीसारखा निसटला,
ती थेट माझ्यावर येऊन आदळली
आणि दोन्ही तळव्यांनी माझ्या पाठीत हाणत
जिवाच्या आकांतानं म्हणाली,
खो!

खांबाला खो देता येत नाही.
नियम मला पाठ आहे, मीच दरवर्षी फळ्यावर लिहितो.

मी धावलो.

हेडाऊ सरांची शिट्टी तोंडातून गळून दोरीला लोंबली.
"पकडा नं जी! अरे, सर पळून राह्यले बे!"
डावा बूट राहिला कुठेतरी. पँट गुडघ्यावर फाटली.
फैजान हसून हसून एवढा वाकला होता
की पकडता आला असता,
पण मला थांबायचं कसं तेच आठवेना.
टाकीपाशी पोचलो, हजेरीपटाला हात लावला,
छातीत एक भाता चालू.

गुण कुणीच लिहिले नव्हते.
मागे वळून पाहिलं,
खांबाच्या जागी आचल उभी होती,
हात अंगाला लावून,
श्वाससुद्धा धरून ठेवलेला,
हलायचं नसतं म्हणून.