उलटी बाजू

गाडी चार तास उशिरा.
सँपलची बॅग क्लोकरूममध्ये टाकली.
रिक्षावाला म्हणाला, किल्ला बघा, तळं बघा.
मे महिना, सोलापूर, दुपारचे दोन.
मी म्हणालो, जिथं पंखा असेल तिथं सोड.

तर हे चित्रसंग्रहालय.
बंद पडलेल्या गिरणीची कचेरी, वरचा मजला,
तिकीट दहा रुपये. वहीत नाव, गाव, वेळ.
माझ्या आधीची नोंद मंगळवारची.
आज शनिवार.

तेहेतीस चित्रं. मोजली, कारण
परगावच्या माणसाला आधी मोजायचंच सुचतं.
फेट्यातले कुणी जहागीरदार, वार्निश पिवळं पडून कावीळ झालेले.
एक पपई, अर्धी कापलेली. बिया अजून ओल्या.
आणि खिडकीशी एक बाई,
हिरवं इरकली लुगडं, पदर सावरायचा राहिलेला.
तिच्यापुढे थांबलो. अशा जागी थांबतात तसा,
हात मागे, मान जरा तिरकी.

"काय बघलालाव?"
राखणदार. खिशावर शिवलेलं नाव: राजमल्लू येमूल.
चेहरा, म्हणालो.
"चेहरा बरोबर हाय ओ. काठ चुकलाय.
आडवा धागा असा पळत नसतो.
ही साडी कुठल्या मागावर निघायची नाही."
बेचाळीस वर्षं माग चालवला त्यांनी.
मग माग भंगारात गेला
आणि ते या खुर्चीत आले.

इकडे तिकडे पाहिलं त्यांनी,
(कोण होतं तिथं?)
आणि चौकटीची खालची कड धरून
चित्र भिंतीपासून वीतभर उचललं.
"आम्ही कापड उलटंच बघतो.
सरळ बाजू गिऱ्हाइकाची."

भिंतीला गाल लावून मीही पाहिलं.
जळमट. पालीच्या अंड्याचं टरफल.
कॅनव्हासवर पेन्सिलीनं, पुसट:
दूध १४ दिवस.
रॉकेल.
अंबूचं औषध – राहिलं.

हीच का अंबू, मी विचारलं.
कुठलं औषध, हेही विचारणार होतो, सवयीनं.
येमूल ऐकत नव्हते.
अंगठ्याच्या नखानं ते धागे मोजत होते,
ओठ हलत होते, तेलुगूत.

"कापड मात्र चांगलं घेतलंय बाबानं,"
म्हणाले, आणि चित्र हळूच टेकवलं,
झोपलेल्या पोराची मान उशीवर टेकवावी तसं.

खाली वहीत अभिप्रायाचा रकाना होता.
पेन दोऱ्यानं बांधलेलं.
बराच वेळ धरून उभा राहिलो.
मग लिहिलं: पंखा चालू आहे.