शिपायाची सुटी

अठरा तारखेच्या संध्याकाळी मी दगड धुतो.
नारळाचा काथ्या, चिमूटभर सोडा, दोन कळश्या पाणी.
शेवाळ सगळ्यात आधी शिरतं
‘अज्ञात’मधल्या ज्ञ मध्ये,
त्या अक्षराला कोपरेच फार.
मग लाल रंगाची डबी, बारका ब्रश.
मीही शिपाईच,
पंचायतीचा.

सकाळी माईक शिट्टी घालतो.
फिलोमेनाबाई पोरांच्या रांगा सरळ करतात,
सरपंच म्हणतात, “सोयरू, ओढ दोरी.”
मी ओढतो. झेंडूच्या पाकळ्या पडतात.
साडेनऊला खुर्च्या मोजून टेंपोत.

आज एक गाडी थांबली. काच खाली आली,
आतून गार हवा आणि ढोल.
“काका, गर्दी कसली? आज काय आहे?”
वायर गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो,
“सुटी आहे.”
गाडी हरमलच्या बाजूला गेली.
शब्द जिभेवर राहिला
कच्च्या काजूच्या चिकासारखा.

आई तेव्हा सतरा वर्षांची.
तो आमच्या विहिरीवर आला, धुळीने पांढरा.
त्याची बोली तिला कळेना, तिची त्याला.
तिने पेज दिली, वर आंब्याचं मिसकूट.
त्याला तिखट लागलं. डोळ्यांत पाणी, तरी हसला.
मग दहा बोटं उघडली, मिटली,
पुन्हा उघडली,
गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला,
कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा,
आणि म्हणाला, छुट्टी.
तेवढा एकच शब्द तिला कळला.
आमच्यातही तो जवळजवळ तसाच.

अर्धी पेज ठेवून तो पूल बघायला गेला.
पाकल्यांचा सुरुंग होता तिथे.
आवाज झाला तेव्हा
आई वाटीवर झाकण ठेवत होती.

वीस दिवस.
त्याने त्यातला एकही घेतला नाही.
ते आम्ही घेतो,
दर डिसेंबरला एक.
पण वीस तर कधीच संपले,
मी शाळेत होतो तेव्हाच.
त्यानंतरचं सगळं
उधारीवर चाललंय.

दुपारी घरी आलो. नखात अजून लाल रंग.
चुलीवर पेज, वाटी झाकलेली,
आजच्या दिवशी ती अशीच असते.
आईने विचारलं, “गाडीत कोण होते रे?”
म्हटलं, “कोण की. पाहुणे.
रस्त्याने जाणारे.”

“मग?” आई म्हणाली,
“पेज विचारलीस त्यांना?”