त्रेचाळिसावी फ्रेम

मसाईच्या पठारावर, फाल्गुनातल्या अवसेला,
गवत जळून गेलेलं असतं
आणि दिवस बुडून चार तास झाले तरी कातळ कोमट.
पूर्वेला कोल्हापूर,
बशीत सांडलेल्या चहासारखा त्याचा उजेड.
त्यातूनच हस्त वर येतो.
म्हणतात पाच बोटं. मला नेहमी चारच दिसतात,
पॉवर प्रेसवर एक गमावलेल्या माणसाचा पंजा.

त्या पंजाच्या जरा पलीकडे
दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्यात.
नुसत्या डोळ्याला काही नाही.
दुर्बिणीतून एक डाग, काचेवर अंगठा पुसल्यासारखा.
कुणी साडेचार कोटी वर्षं सांगतं, कुणी साडेसहा.
मी साडेसहा धरतो,
कारण हा कातळही जवळपास तेवढाच.
म्हणजे उजेड तिकडून निघाला
तेव्हा हे पठार नुकतं ओतलेलं, अजून लाल.
उद्यमनगरात वाढलेल्याला एवढं तरी कळतं.

माउंट घरचा.
वीस बाय चाळीसच्या शेडमध्ये
वर्म मी कापला, एकशे चव्वेचाळीस दात्यांचं चाकही मीच,
काउंटरवेट दस्तगीरनं दिलं:
सहा किलो सातशे ग्रॅम बीड,
एक ब्लोहोल, म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेलं.

पुढं शेडमध्ये भिंत आली.
पत्र्याची नव्हे, विटांची.
लेथ अलीकडे, भट्टी पलीकडे.
वाटणीच्या कागदावर दुर्बीण लिहायला कुणाला सुचलं नाही.
वर्म माझ्याकडे राहिला, वजन त्याच्याकडे.

दोन वर्षं मी उरलेल्या विटा दोरीनं बांधल्या.
विटा हलतात.
तारे लांबट यायचे, आंबेमोहोराच्या शितासारखे.
मी फोटो कुणाला दाखवले नाहीत.

या अवसेला कुणाला काही कळवलं नव्हतं.
तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम.
एकीत गोव्याचं विमान,
दोन-तीनमध्ये खाली कुणी पाचट पेटवल्याचा धूर.
त्रेचाळिसावी चालू असताना
चढावर हेडलाइट, थेट भिंगात.
कचकचीत शिवी आली तोंडात.
गाडी थांबली. दिवा गेला.
अंधारातून आवाज:
"हात दे की. जड हाय."

दांड्यावर चढवताना टॉर्च लागला नाही.
ब्लोहोल बोटाला लागलं, तेवढं पुरलं.

मग आम्ही पालथ्या घमेल्यांवर बसलो.
"धडकल्यात व्हय?"
"आरपार जातायत."
"मग तारं फुटत न्हाईत?"
"मधी जागा लई असती."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मोटर बारीक कुरकुरत होती.
"आपली शेड बारकी पडली मग," म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण माझ्याकडं सरकवलं.

पहाटे, पन्हाळ्याच्या बाजूनं कोंबडा आरवायच्या आत,
तो निघून गेला. वजन न काढता.

घरी येऊन बेरीज केली.
पहिल्या बेचाळिसांतून सात निघाल्या,
नंतरच्या शहात्तर, सगळ्या.
एकावर एक चढवत गेलो
तशा डागाला दोन मिशा फुटल्या, मुंगीच्या असतात तशा,
जुन्या भेटीत बाहेर फेकलेल्या ताऱ्यांच्या.
एक तर चौकटीबाहेरच गेली,
तिच्यासाठी पुढची अवस लागेल.

कॉम्प्युटर विचारतो, नापास फ्रेम काढून टाकू?
एकीला मी नको म्हणतो.
बेरजेत ती घेता येत नाही, कशातच घेता येत नाही.
तिच्यात हस्त नाही, दीर्घिका नाहीत,
या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं पांढरं,
आणि वेळ: बारा एकेचाळीस.