तमादा

आमच्याकडे, काखेतीत, जेवणाच्या टेबलाला एक तमादा लागतो.
तो उठून बोलल्याशिवाय
कुणी पेल्याला ओठ लावत नाही.
चाळीस वर्षं गावचा तमादा माझा नवरा होता, मालखाझ.
लांबलांबच्या लग्नांतून त्याच्यासाठी मोटार यायची.
घरात मात्र मीठ हवं असलं
तरी नुसता हात पुढे.

ऑक्टोबरात, द्राक्षं तुडवायच्या दिवशी,
हौदाच्या काठावर बसून मोजे काढताना तो म्हणाला,
"नानुली, जरा ते दरकुलं सोमट कर."
मी म्हटलं, काय?
"सोमट, अगं, सोमट!"
आणि असा वैतागला,
की मीच कानात बोळे घालून बसले होते.

तेलावीच्या इस्पितळात डॉक्टर लामारानं
उजेडापुढे फिल्म धरली.
डाव्या कानाच्या वर एक डाग, सोललेल्या अक्रोडाएवढा.
म्हणाली, जीभ शाबूत आहे. बोलणं थांबणार नाही.
आपण बोललेलं त्याला आता परकं लागतं,
आणि स्वतःचं चुकतंय
हे त्याला कळत नाही.

मग चित्रं.
किल्ली: "लामटी."
कंगवा: "हीपण लामटीच, पण दातांची."
चमच्याचं चित्र त्यानं बाजूला सारलं
आणि डॉक्टरच्या कानातल्या डुलांविषयी
पुष्कळ काही सांगितलं. मान झुकवून, अदबीनं.
ती लाजली. तिनं सगळं लिहून घेतलं.

त्याचा भाऊ गेला फेब्रुवारीत.
चाळिसाव्या दिवशी टेबल मांडलं.
तमादा म्हणून मास्तरांचा बाद्री बसवला होता.
तो घसा साफ करतोय तोच मालखाझ उभा राहिला,
आणि सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं.

"जे वेळंदात मालिले," तो म्हणाला,
"जे आमच्याआधी सांदुळले, आणि ज्यांची अरुकं
अजून आमच्या ओसाणात निवतात,"

इथे थांबला.
नेमका इथेच, जिथे चाळीस वर्षं थांबत आला,
मेलेल्यांच्या नावांआधी.
कुणी सांगितलं नाही, तरी हात हलले.
पावाच्या तुकड्यांवर वाईनचे थेंब पडले.
बाद्रीच्यासुद्धा.

नंतर, भांडी विसळताना, जाऊ म्हणाली,
"सगळं सगळं कळलं गं."
मला राग आला.
काय कळलं? एक वाक्य सांग.
मला एकच सांग, मी रात्री त्याच्याशी बोलेन.

रात्री तो मला काहीतरी विचारतो.
शेवटी सूर वर जातो, म्हणून प्रश्न.
मी पाणी आणते. पांघरूण आणते. खिडकी लावते.
तो खिडकी उघडतो, परत विचारतो,
सावकाश, एकेक शब्द सुटा करून,
तिबिलिसीत परदेशी पाहुण्यांना पत्ता सांगतात तसा.

परवा त्यानं मला समोर बसवलं.
चमचा उचलला.
"मेलूर," तो म्हणाला.
मी म्हटलं, "मेलूर."
त्याला इतका आनंद झाला,
की त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला:
बिचारी, जमेल हिला.

मी दिवसभर घोकलं.
भाकरी भाजताना, कोंबड्या कोंडताना, मेलूर, मेलूर.
संध्याकाळी सूप वाढलं आणि म्हटलं, घे, मेलूर.
त्यानं चमच्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
काही न बोलता हात पुढे केला.
मी मीठ दिलं.